माझ्या बोटांचे सावकार

आमच्या कॉलेजात गिटार वाजवणारी चार-दोन मुले दर वर्षी निघतातच. ती कँटीनमध्ये एकत्र बसली, की त्यांच्यात एक प्रश्न हटकून निघतो: "तुझ्या हातावर जास्त छाप कोणाची?" मग एक जण कोण्या साहेबाचे नाव सांगतो, दुसरा सिनेमातल्या एखाद्या वादकाचे, तिसरा दोघांनाही मोडीत काढतो, आणि चहा गार होईस्तोवर वाद रंगतो. मला त्या मुलांचा हेवा वाटतो. मी पेटी वाजवतो. आणि पेटीवाल्याला हा प्रश्न उभ्या जन्मात कोणी विचारत नाही. त्याला लोक विचारतात ते एवढेच, की "काळी चार नीट लागते ना हो?" आणि कार्यक्रम आटोपल्यावर, "पेटी खाली न्यायला कोणी आहे ना?"

न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत सुटणे ही मास्तरकीची जुनी खोड आहे, हे मी जाणून आहे. पण दिवाळीचे दिवस आहेत. लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वहीची पूजा करतात, आणि त्याआधी जुन्या वहीतले देणेघेणे एकदा नजरेखालून घालतात. माझीही अशी एक वही आहे. मराठी शिकवून पोट भरणारा, शहाडला राहणारा आणि फावल्या वेळात पेटी घेऊन बसणारा मी एक संसारी गृहस्थ. उजव्या हाताची पाच बोटे आणि भाता मारणारा डावा हात, एवढ्या माझ्या भांडवलात स्वतःचे असे फार थोडे आहे. बाकी सगळे उसने. ते कोणाकोणाकडून आणले, हे एकदा लिहून ठेवावे म्हणतो.

वहीतले पहिले नाव माझ्या गुरुजींचे. कसाऱ्याकडे जाणारी गाडी कल्याण सोडते आणि पुढचेच स्टेशन शहाड; त्यामुळे शाळकरी वयात मी एकटाच कल्याणला शिकायला जात असे. गुरुजी रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी पहिले काही आठवडे मला एकही गाणे शिकवले नाही. एक षड्ज दाबून ठेवायचा आणि भाता अशा बेताने हलवायचा, की सूर ना फुगावा, ना खचावा. कंटाळून मी तक्रार केली, तेव्हा ते म्हणाले, "अरे, ही परदेशातून आलेली पाहुणी आहे. आपल्या घरची रीत तिला तूच शिकवायचीस. आधी तिचा श्वास तरी ओळख."

पाहुणी खरीच परदेशची. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ या कारागिराने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पेटी टेबलाएवढी उंच, खुर्चीवर बसून पायाने भाता मारायची. मिशनऱ्यांबरोबर ती हिंदुस्थानात आली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर बसवले. भाता मागच्या बाजूला, हाताने मारायचा. मांडी घालून बसलेल्या माणसाला जमावे असे सगळे. महाराष्ट्रात ती आली आणि संगीत नाटकाच्या आश्रयाने वाढली. रंगभूमीवर पायपेटी आणि ऑर्गन, बैठकीत हातपेटी, देवळात भजनाला हातपेटी. असे तिने बघता बघता सगळे घर व्यापले.

पण घरात आली म्हणून सून झाली, असे नव्हे. जाणकारांनी तिच्यावर दोन आरोप ठेवले, आणि दोन्ही खरे होते. पहिला असा, की पेटीला मींड नाही. गवई एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जातो. पेटीच्या पट्ट्या म्हणजे जिन्याच्या पायऱ्या, तिथे घसरगुंडी कुठली? दुसरा आरोप त्याहून बारीक. पेटीचे बारा सूर एकमेकांपासून सारख्या अंतरावर बसवलेले असतात. ही सोय पाश्चात्त्य संगीताची. त्या सोयीपायी पेटीचा शुद्ध गंधार, तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. सामान्य कानाला हा फरक कळत नाही; तयार कानाला तो खड्यासारखा टोचतो.

रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचाही पेटीवर राग होता. अखेर १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीने पेटीला दाराबाहेर काढले. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. एकतीस वर्षे! ज्या काळात घराघरांत रेडिओ आला, त्याच काळात रेडिओवर पेटी नव्हती. आणि गंमत अशी, की माझ्या वहीतल्या बहुतेक सावकारांचे ऐन उमेदीचे दिवस याच एकतीस वर्षांत गेले. सरकारी दरबारी ज्यांचे वाद्य नालायक ठरले होते, ती माणसे नाट्यगृहात, बैठकीत आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांत ते वाद्य लायक करून दाखवत होती. त्यांनी वादविवाद फारसा केला नाही. पट्ट्यांवर बोटे ठेवून उत्तर दिले.

त्या सगळ्यांच्या आधीचे, आद्य सावकार म्हणावेत असे, गोविंदराव टेंबे. जन्म १८८१, मृत्यू १९५५. मी त्यांच्याकडे गेलो तो श्रोता म्हणून नव्हे, वाचक म्हणून. 'माझा संगीत व्यासंग' हे त्यांचे १९३९ चे पुस्तक एम.ए.च्या अभ्यासाच्या निमित्ताने हाती आले, आणि मग अभ्यास बाजूला राहिला. कोल्हापूरच्या देवल क्लबात बसून, ऐकून ऐकून ते पेटी शिकले. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याने त्यांना वेड लावले, आणि पुढे बुवांच्या मागे बसून त्यांनी साथ केली. १९११ मध्ये खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले, त्याच्या चाली त्यांच्या; १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, तिच्या तिघा संस्थापकांत बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्या जोडीला ते होते; आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या प्रभातच्या बोलपटात राजा हरिश्चंद्र झाले तेही तेच. पेटीवाला म्हणजे मागे बसणारा माणूस, या समजुतीला एवढे खणखणीत उत्तर दुसरे नसेल.

टेंब्यांकडून मी काय उसने घेतले? तर अक्षर. 'मानापमाना'च्या चालींत त्यांनी उत्तरेकडच्या ठुमरीचे वळण आणले, पण ते वळण मराठी शब्दाला कुठे काचत नाही. ऱ्हस्व अक्षरावर सूर रेंगाळत नाही, जोडाक्षराला हलका धक्का बसतो, अर्थ जिथे पुरा होतो तिथेच श्वास. मी वर्गात वृत्ते शिकवतो; लघु-गुरू हा माझा रोजचा भाजीपाला. पण पेटीलाही लघु-गुरू असतात, हे मला टेंब्यांनी शिकवले. तेव्हापासून एखादे पद वाजवायचे झाले, की आधी मी ते मनात म्हणतो. बोटे पट्ट्यांवर असतात, पण वाजते ते तोंडातल्या तोंडात म्हटलेले अक्षर. ऐकणाऱ्याला शब्द ऐकू येत नाहीत. पण कुठले पद चालले आहे, हे दुसऱ्या ओळीच्या आत कळते.

दुसरे सावकार मधुकर पेडणेकर, म्हणजेच पी. मधुकर. आमच्या आजोबांच्या संग्रहात त्यांची एक तबकडी होती. इतकी वाजलेली, की सुरांइतकीच खरखर. पण त्या खरखरीतूनही दाणे वेगळे दिसत. नुकत्याच निवडलेल्या तांदळासारखी स्वच्छ बोटे! साथीचे वाद्य असलेली पेटी एकटी बसून मैफल मारू शकते, हे मराठी घरांना ज्यांनी पटवले, त्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत. त्यांच्याकडून मी बोटांची शिस्त घेतली. आणि खरे सांगायचे तर मोहही घेतला. कॉलेजच्या वयात वाटायचे, की हे एवढे वेगाने वाजवता आले म्हणजे सारे आले. तो मोह पुढे दुसऱ्या सावकारांनी फेडून घेतला.

दक्षिणेकडे, बेळगावात, एक निराळीच पेढी होती. विठ्ठलराव कोरगावकर हे तिथले जुने, मातब्बर नाव. आणि रामभाऊ विजापुरे, १९१७ ते २०१०, हे पुढच्या पिढीतले. रामभाऊंनी बेळगावात बसून पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी तयार केले. तिकडच्या मुशीतून निघालेल्या वादकाला ऐकले, की मला बंदिशीचा आदर दिसतो. बंदिश म्हणजे तान मारण्यासाठी घेतलेली सबब नव्हे. ती आधी जशीच्या तशी, चारी कोपरे सरळ ठेवून मांडायची, हे मी त्या पेढीवरून शिकलो.

आता येतात गोविंदराव पटवर्धन. १९२५ ते १९९६. छोटा गंधर्व, राम मराठे, कुमार गंधर्व अशा एकाहून एक लहरी प्रतिभेच्या गायकांना त्यांनी साथ केली. 'लहरी' हा शब्द मी कौतुकाने वापरतो आहे. छोटा गंधर्वांचे एखादे नाट्यपद म्हणजे आषाढातला ओढा. कुठल्या बांधावरून कुठे वळेल, नेम नाही. अशा गाण्याच्या मागे जाणे म्हणजे पाठलाग. आणि पाठलाग करणारा नेहमी एक पाऊल मागेच असतो. गोविंदरावांच्या ध्वनिमुद्रणांत हा पाठलाग ऐकूच येत नाही. गायक वळणावर पोहोचतो, तेव्हा पेटी तिथे आधीच येऊन उभी आहे, असे वाटते; जणू दोघांनी वाट आधी ठरवली होती. ही काही जादू नव्हे. गायकाचा श्वास किती उरला आहे, तो कुठल्या सुरावर घुटमळतो आहे, समेला किती मात्रा आहेत, याचा हिशेब कानाने क्षणोक्षणी करत राहावे लागते. गोविंदरावांकडून मी बोटांसाठी काही घेतले नाही. मी कान घेतला. तेव्हापासून साथीला बसलो, की माझी नजर पेटीवर नसते; गाणाऱ्याच्या मानेच्या शिरांवर असते.

आप्पा जळगावकर, १९२२ ते २००९, यांनी दिले ते याच्या पुढचे. आप्पा आधी गळ्याची तालीम घेतलेले आणि मग पेटीकडे वळलेले. त्यामुळे गाणाऱ्याला कुठे जागा हवी, हे त्यांना आतून ठाऊक. भीमसेन जोशी एखाद्या सुरावर जाऊन थांबत, तेव्हा आप्पांची पेटी काय करते ते ऐकावे. एरवी नवशिक्या पेटीवाल्याला शांतता सोसत नाही. गवई थांबला, की हा तिथे चार तुकडे भरून टाकतो, पाहुण्याच्या पानात न विचारता वाढावे तसे. आप्पा तो सूर नुसता धरून ठेवतात. पहिली पट्टी सोडण्याआधी दुसरी हलकेच दाबतात, की दोन सुरांचा सांधा क्षणभर एकमेकांत मिसळतो आणि पायऱ्यांच्या जिन्यावरही घसरल्याचा भास होतो. मींड पेटीला नाही, हे खरेच. पण मींडेची आठवण पेटी करून देऊ शकते. आणि बाकी वेळ गप्प बसू शकते. गप्प बसण्याचे हे कर्ज मला सर्वांत महाग पडले, कारण मास्तर माणसाला गप्प बसणे मुळातच जड जाते.

वहीतले शेवटचे मोठे नाव तुळशीदास बोरकर. गोव्यातल्या बोरी गावी १९३४ मध्ये जन्म; पहिले धडे आईकडून, पुढची तालीम पी. मधुकरांची. म्हणजे माझ्या दुसऱ्या सावकाराचे हे शिष्य. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्यासारख्या हौशी पेटीवाल्यांनीसुद्धा आपापल्या घरी पेढे वाटून घेतले. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या वादनातला डावा हात मी कान लावून ऐकतो. लोक पेटीवाल्याची बोटे बघतात. पण बोटे फक्त दार उघडतात, आत येतो तो वारा भात्याचा. एकाच सुराला मोठा करत नेणे, मग हळूच उतरवणे, ओळ संपताना तो नाहीसा होऊ देणे, हे सगळे डाव्या हाताचे. माझ्या गुरुजींनी षड्जावर इतके दिवस का बसवून ठेवले होते, त्याचा उलगडा मला बोरकर ऐकल्यावर झाला.

त्यांचे शिष्य सुधीर नायक आज पहिल्या फळीत आहेत. साथीला बसणाऱ्या पुरुषांच्या रांगेत सीमा शिरोडकरांसारख्या स्त्रियाही आता आपल्या हिमतीवर बसतात. नागपूरकडचे मनोहर चिमोटे यांनी पेटीत फेरफार करून तिला 'संवादिनी' म्हटले आणि एकल वादनासाठी आयुष्य वेचले. दुसऱ्या आरोपाचे, म्हणजे श्रुतींचे, काय झाले हेही सांगायला हवे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्येच बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाच्या साहाय्याने श्रुतींची पेटीही करवून घेतली. पण ती बैठकीत रुजली नाही. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आमच्या ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी, जे गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य आणि पेशाने वैद्यकशास्त्रातले, बावीस श्रुतींची पेटी तयार केली. हिशेब सोपा आहे: षड्ज आणि पंचम अचल, उरलेल्या दहा सुरांना दोन-दोन जागा, दहा दुणे वीस आणि दोन, बावीस. माझ्याकडे ती पेटी नाही. मी एकाच पट्टीच्या षड्जाशी सूर मिळवून घेतलेली साधी पेटी वाजवतो. त्या पट्टीत गंधार गोड लागतो, दुसऱ्या पट्टीत कुरकुरतो.

वाचक म्हणतील, एवढ्या थोरांकडून उसनवार केली, तर शहाडात बसून हा गृहस्थ तिचे करतो तरी काय? प्रश्न रास्त आहे.

शहाड म्हणजे काही गाण्याचे गाव नव्हे. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला रेयॉनचा कारखाना, आणि त्यांच्या मध्ये पाळ्या आणि गाड्यांच्या वेळा सांभाळणारी आमच्यासारखी कुटुंबे. पण बिर्लांनी बांधलेले विठ्ठलाचे देऊळ इथे आहे, आणि विठ्ठल असला की टाळ, मृदंग आणि पेटी यायचीच. आमच्या इमारतीत बायकांचे भजनी मंडळ आहे. एकादशीला तळमजल्यावर भजन होते आणि पेटीला मी असतो.

त्या मंडळात एक काकू आहेत. वय पंच्याहत्तरच्या पुढे. तरुणपणी त्यांचा गळा काळी चारात सहज फिरायचा, असे जुनी माणसे सांगतात. पुढे मंडळाने न बोलता पट्टी उतरवून काळी तीन केली. आता तीही जड जाते. अभंगाच्या पहिल्या चरणाला काकू सुरात असतात. तिसऱ्या चरणापर्यंत सूर हळूहळू खाली सरकतो, दिव्यातले तेल कमी व्हावे तसा. त्यांना ते कळत नाही. आणि इथे पेटीचा खरा क्रूरपणा दिसतो. सारंगीवाला तारेवरचे नख तसूभर सरकवील आणि त्यांच्या बरोबर जाईल. पेटी कशी सरकणार? तिचा सूर जागच्या जागी खिळ्यासारखा. पेटीवाल्याने जोराने, शहाणपणाने, अगदी शुद्ध सूर वाजवला, की साऱ्या खोलीला तत्काळ कळते, काकू बेसूर झाल्या.

अशा वेळी माझे सगळे सावकार कामाला येतात. गोविंदरावांचा कान अर्धी ओळ आधीच सांगतो, की या पुढच्या गंधारावर काकू खाली पडणार. बोरकरांचा डावा हात भाता मंद करतो. आप्पा सांगतात, आता गप्प. आणि मी त्या गंधारावरून बोट उचलून घेतो. पेटीत उरतो तो खालच्या सप्तकातला षड्ज आणि पंचम, तोही टाळांच्या मागे जेमतेम ऐकू येईल असा. टेंबे सांगतात, शब्दाचा श्वास कुठे आहे तो बघ. चरण संपतो, बाकीच्या बायका ध्रुवपद उचलतात, त्या लाटेत मी षड्ज थोडा वाढवतो, आणि काकू आपल्या पायांनी चालत मूळ सुरावर परत येतात. पी. मधुकरांची चपळ बोटे तेवढी या व्यवहारात लागत नाहीत. ती मांडीवर स्वस्थ बसून राहतात, आणि तसे बसायलाही तयारी लागतेच.

गेल्या कार्तिकी एकादशीला भजन आटोपल्यावर काकू पदराने कपाळ टिपत म्हणाल्या, "आज गळा बरा लागला हो, सर." बाकीच्या बायका हो म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणाल्या. मीही हो म्हटले. त्या संध्याकाळी माझे एकही बोट कोणाच्या लक्षात राहिले नव्हते.

पेटीवर आरोप ठेवणारे विद्वान चुकीचे नव्हते. तिला मींड नाही, श्रुती नाहीत, ती अडाणी आहे, सगळे कबूल. पण तिच्या या अपुरेपणामुळेच तिच्यामागे बसणाऱ्या माणसाला पूर्ण व्हावे लागले. ज्या वाद्याला स्वतः वाकता येत नाही, ते वाजवणाऱ्याने वाकायचे असते. त्या एकतीस वर्षांत आणि त्यानंतरही आमच्या पेटीमास्तरांनी ही वाकण्याची कला इतकी वाढवली, की आज पेटीशिवाय ख्यालाची बैठक आणि नाट्यपदांची मैफल महाराष्ट्रात क्वचितच दिसते.

दिवाळी सरली, की गाण्यांचे दिवस सुरू होतील. डिसेंबरात कल्याणच्या गायन समाजात भास्करबुवांच्या नावाने देवगंधर्व महोत्सव भरतो. ठाण्यात राम मराठ्यांच्या स्मरणार्थ मैफली होतात. आपण जाल, तेव्हा गवयाचे गाणे ऐकाच, त्यासाठीच तिकीट काढलेले असते. पण गवई तान संपवून पाण्याचा पेला उचलील, तेव्हा त्या घोटाएवढ्या अवकाशात शेजारचा पेटीवाला काय करतो, तेवढे ऐका. तो काही वाजवील, किंवा एकच सूर धरून थांबेल. कार्यक्रम संपल्यावर त्याला गाठा आणि विचारा, "आपल्या हातावर जास्त छाप कोणाची?" गडी आधी चपापेल, इकडेतिकडे बघेल. मग जे बोलायला लागेल, ते ऐकताना शेवटची गाडी चुकण्याची तयारी मात्र ठेवा.